मोसम संपल्यावर बेसबॉल संघाच्या बातम्या कशा वाचाव्यात

मेजर लीग बेसबॉल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा शेवटचा सामना ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या आरंभी होतो आणि त्यानंतर फेब्रुवारीच्या मध्यास पिचर (चेंडू टाकणारे) व कॅचर (फलंदाजामागे तो झेलणारे) सरावासाठी अ‍ॅरिझोना किंवा फ्लोरिडात दाखल होईपर्यंत मैदाने शांत असतात. बातम्यांचा ओघ मात्र थांबत नाही. नागपुरात बसून एखाद्या संघाचा पाठपुरावा करायचा असेल, तर सर्वप्रथम त्या संघाची ४० खेळाडूंची, म्हणजे मुख्य संघासाठी नोंदवलेल्या खेळाडूंची, यादी मिळवावी.

एका वहीत चाळीस ओळी आखून नावे पेन्सिलीने लिहावीत, कारण खोडावे बरेच लागते. प्रत्येक नावापुढे त्या खेळाडूची सेवेची वर्षे नोंदवावीत. मुख्य संघात मोसमातील १७२ दिवस भरले की एक वर्ष धरले जाते. अशी सहा वर्षे झालेला आणि पुढील करार नसलेला खेळाडू ‘फ्री एजंट’ होऊन कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो. दीर्घ दुखापतीच्या, म्हणजे ६० दिवसांच्या यादीतील खेळाडू मोसमात या चाळिसांत मोजले जात नाहीत, परंतु वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका संपताच त्यांना परत घ्यावे लागते. म्हणूनच नोव्हेंबरात चांगल्या खेळाडूंचीही नावे वगळली गेल्याचे दिसते. त्यामागे नाराजी नसून बहुधा जागेची अडचण असते.

बातमी वाचताना क्रियापदाकडे लक्ष द्यावे. ‘रस आहे’, ‘चर्चा सुरू आहे’ आणि ‘करार झाला’ या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि वहीत केवळ तिसरीच नोंदवावी. डिसेंबर २०२३ मध्ये फ्री एजंट असलेला जपानी खेळाडू शोहेई ओहतानी तिथल्या संघाशी करार करायला विमानाने टोरंटोला निघाल्याची वार्ता पसरली, तेव्हा मीही ती खरी मानून मित्रांना कळवून मोकळा झालो. दुसऱ्याच दिवशी त्याने लॉस एंजेलिस डॉजर्सची निवड जाहीर केली. ती चेष्टा आजही अधूनमधून ऐकावी लागते.

त्याच करारावरून आकडे कसे वाचावेत हेही शिकता येते. दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर ही रक्कम डोळे दिपवणारी असली, तरी त्यांपैकी ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात द्यायचे ठरले असल्याने करारकाळात त्याच्या हाती वर्षाला २० लाखच पडतात. तेव्हा एकूण रकमेपेक्षा वर्षे किती आणि पैसे केव्हा, हे आधी पाहावे.

पिचरच्या कोपरावर ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया (फाटलेल्या अस्थिबंधाची दुरुस्ती) झाल्याचे कळल्यास त्याच्या नावापुढे पुढील १२ ते १८ महिने रिकामे धरावेत.

डिसेंबरात आपल्याकडे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, त्याच सुमारास तिकडे सर्व ३० संघांचे व्यवस्थापक ‘विंटर मीटिंग्ज’साठी एकत्र येतात, आणि अदलाबदलीच्या बातम्या तेव्हा सर्वाधिक असतात. न्यूयॉर्कमधील सायंकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडील पहाटेचे साडेपाच. त्यामुळे रात्र जागवण्यापेक्षा सकाळी तर्री-पोहे खाताना यादी तपासणे सोयीचे पडते.

फेब्रुवारीत ‘अमक्याने वजन घटवले’ अशा बातम्या दरवर्षी येतात. त्या खुशाल सोडून द्याव्यात आणि दुखापतीतून सावरणारा पिचर फलंदाजांसमोर चेंडू टाकू लागला का, एवढेच पाहावे.