माजी सैनिकाने गावचे तंटे कसे मिटवावेत

अमेरिकेतील टेक्सासमध्ये ‘जस्टिस ऑफ द पीस’ हा स्थानिक न्यायाधीश मतदार चार वर्षांसाठी निवडून देतात. आपल्याकडे न्यायाधीश निवडणुकीने होत नाहीत, मात्र २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत ग्रामसभा तंटे मिटवण्यासाठी एक समिती निवडते. सातारा तालुक्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात सरपंचपद भूषवलेला एखादा माजी सुभेदार तिचा अध्यक्ष झाला, तर त्याने हुकूम सोडण्याची सवय आधी उंबऱ्याबाहेर ठेवावी, कारण समितीचे काम समेट घडवण्याचे आहे, निकाल देण्याचे नाही.

बांधाच्या वादात सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीचा नकाशा समोर असल्याखेरीज बैठकच घेऊ नये. तोंडी आठवणींवर झालेला समेट पुढच्या पेरणीपर्यंतही टिकत नाही. वादी आपल्याच पक्षाचा जुना कार्यकर्ता असेल, तर (आणि गावात तो असतोच) अध्यक्षाने बैठक दुसऱ्या सदस्याकडे सोपवावी. फौजदारी तक्रारीत गुन्हा तडजोडपात्र, म्हणजे कायद्याने आपसात मिटवता येणारा, आहे काय, हे पोलीस ठाण्यात आधी विचारावे.

दिवाणी वादातील समेट लेखी करून, उभय पक्षांच्या सह्या घेऊन, तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीत दाखलपूर्व (न्यायालयात दावा दाखल होण्याआधीचे) प्रकरण म्हणून ठेवावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते व त्यावर अपील चालत नाही.