बाळंतपणाला माहेरी निघण्याआधी

झबली, टोपडी, कुंची, दुपटी यांची यादी कुणाला द्यावी लागत नाही. आजी, मावशी, आत्या मिळून तीन बाळांना पुरेल एवढं जमवतात. म्हणून बॅगेचं थोडक्यात: जुन्या सुती साड्यांची बाळुती धुऊन कडक उन्हात वाळवलेली, पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, मोठ्या पॅडची पाकिटं, चार्जर. झालं. खरी कामं कागदांची, गाडीची आणि माणसांची आहेत. त्यातलं पहिलं काम म्हणजे आईचं नाव. बाळाचं नव्हे, आईचं.

लग्नात आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. मग आधारवर माहेरचं नाव, सासरच्या रेशनकार्डावर नवं, पासबुकात तिसरंच स्पेलिंग. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. कळा सुरू झाल्यावर दवाखान्याच्या खिडकीशी केसपेपर काढायला भाऊ उभा राहतो आणि घरात ज्या नावानं हाक मारतात ते सांगून मोकळा होतो. तेच डिस्चार्ज कार्डावर येतं, आणि दवाखाना नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला जन्माची जी माहिती पाठवतो तिच्यातही तेच जातं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच दाखवावा लागतो. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव राज्याच्या नियमानं मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायचं आहे. आईचं चुकलेलं नाव त्यामुळे एका कागदापुरतं राहत नाही, मुलाच्या नावातच जाऊन बसतं.

तेव्हा पाचव्या महिन्यातच आधार, पासबुक, माता-बाल संरक्षण कार्ड आणि तपासणीची फाइल शेजारी शेजारी ठेवून मराठी-इंग्रजी दोन्ही नावं अक्षर न् अक्षर ताडून बघा. कोणतं नाव लावायचं हा तुमचा प्रश्न. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पण एकच लावा. आधारवरचं नाव बदलायचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला हाताशी हवा, पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रातली (गॅझेटमधली) नावबदलाची नोंद. आणि आधारवर नाव उभ्या आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईघाईनं अर्धवट दुरुस्ती करू नका. वेळ उरला नसेल तर आधार आहे तसं राहू द्या आणि बाकी सगळीकडे आधारवरचंच नाव सांगा. आधारची झेरॉक्स फाइलच्या पहिल्या पानावर लावा. भावाला, वडिलांना, नवऱ्याला, रात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्यालासुद्धा बजावून ठेवा: तोंडी नाव सांगायचं नाही, झेरॉक्स पुढे करायची.

पैसेही याच नावावर अडतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र असाल तर पहिल्या बाळाचे ५००० रुपये दोन हप्त्यांत येतात: नोंदणी आणि तपासणी झाल्यावर ३०००, जन्मनोंदणी आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर २०००. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६००० एकदम. पैसे आईच्याच, आधार जोडलेल्या खात्यात जातात, नवऱ्याचं खातं चालत नाही. दोन-तीन खाती असतील तर शेवटी ज्याला आधार जोडलं त्यात पडतात, तेव्हा बंद पडलेलं जुनं खातं जोडलेलं राहिलं नाही ना ते बँकेत विचारून घ्या. नाव जुळत नाही म्हणून अर्ज लटकला तर अंगणवाडीताईंवर डाफरून उपयोग नाही, त्यांच्या हातात काही नसतं.

आता दवाखाना. तपासण्या पुण्याला किंवा साताऱ्याला आणि बाळंतपण जतला किंवा आटपाडीला, असं असेल तर सातव्या महिन्यातच एकदा जाऊन तिथल्या डॉक्टरांना फाइल दाखवा आणि तिथं नाव घाला. (आधारवरचं.) कळा घेऊन आलेली, कधीच न पाहिलेली बाई कोणताही डॉक्टर लगेच पुढे पाठवायला बघतो, आणि त्यात त्याची चूक नसते. फाइलमध्ये रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही आणि कावीळ बी, १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली साखर एवढं तरी हवंच. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर अँटी-डी (रक्तगट न जुळल्याचा त्रास टाळणारं) इंजेक्शन साधारण २८ व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. तालुक्याच्या दुकानात ते असेलच असं धरून चालू नका, आधी विचारा.

दवाखाना निवडताना खोली बघू नका. विचारायचं ते एवढंच: रात्री दोनला सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ कुठून येतात आणि किती वेळात? रक्त कुठून येतं? उत्तर गुळमुळीत आलं आणि आधीचं सिझर, जुळं, रक्तदाब १४०/९० किंवा वर, नाहीतर हिमोग्लोबिन ७ च्या खाली असं काही असेल, तर तालुक्यात थांबूच नका, थेट सातारा, कराड किंवा सांगली-मिरजेचं मोठं रुग्णालय धरा. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त मोफत असतं. जेवण साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझरला सात दिवस, आणि घरी सोडायला गाडीही. रुग्णवाहिकेचे नंबर: गरोदर बाईसाठी १०२, जिवावर बेतलं तर १०८. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत खास गरोदर बायांची मोफत तपासणी असते.

गाडीचा हिशोब महिना बघून करा. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरातलं माहेर आणि तारीख जुलै-ऑगस्टची, तर दोन-तीन आठवडे आधी खाली कराडला किंवा साताऱ्याला नातेवाइकांकडे येऊन राहा. दरड कोसळली की गाडी असून उपयोग नाही, आणि तापोळा-बामणोलीच्या पलीकडे तर बऱ्याच गावांची वाट कोयनेच्या पाण्यातूनच, लाँचनं. सांगलीत नदीकाठी माहेर असेल तर आयर्विन पुलाची पातळी बघत बसू नका. ४० फूट इशारा, ४५ धोका. चाळिशीला पोचायच्या आधीच बाहेर पडलेलं असा. २०१९ आणि २०२१ चे पूर आठवत असतील त्यांना जास्त सांगायला नको. ऊस तोडणीच्या हंगामात कराड-ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) पट्ट्यात रात्री दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता अडवतात, तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळ धरा. सगळे कागद प्लास्टिकच्या चेनच्या पिशवीत, आणि त्यांचे फोटो दोघांच्या फोनमध्ये. आधारचा फोटो सगळ्यात वर.

निघायचं कधी? पहिलटकरणीला कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, असं तासभर चाललं की. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं फुटेल असं दुखतंय किंवा डोळ्यांपुढे अंधुक होतंय, तर कळांची वाट बघायची नाही.

गोळ्या: लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा नको. बाळंतपणानंतरही दोन्ही सहा महिने चालतात, आणि माहेरी गेल्यावर नेमक्या त्याच बंद पडतात. नोकरी असेल तर आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त आठ आधी घेता येतात. दोन मुलं असताना तिसऱ्याला १२. अर्ज लेखी द्या.

बाळ झाल्यावर तासाभरात छातीशी. चीक टाकायचा नाही. मध, गुटी, साखरेचं पाणी काही नको, सहा महिने अंगावरचंच दूध. सुरुवातीला बाळाचं वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं, म्हणून घाबरून वरचं दूध सुरू करू नका. पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं तर मात्र लगेच दाखवा. बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवू देऊ नका, आजी रुसल्या तरी चालेल. तिच्यातल्या विषारी वायूनं जीव जातो. डिंकाचे लाडू खा, पाणी भरपूर प्या.

आणि डिस्चार्जच्या दिवशी, सगळे पेढे वाटत असताना, एका शहाण्या माणसाला खिडकीशी पाठवा: जन्माच्या माहितीचा फॉर्म सही करण्याआधी वाचायचा, आईचं नाव आधारशी ताडायचं. दोन्ही भाषांत. इथं एक अक्षर दुरुस्त करायला मिनिट लागतं, नंतर प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे. नोंद जन्म जिथं झाला तिथंच होते, २१ दिवसांच्या आत. बाळाचं नाव बारशानंतर घाला, वर्षभर विनाशुल्क घालता येतं. पण दाखला सासरी परतायच्या आधीच हातात घ्या.

रात्री बाळ कोण घेणार ते आधी ठरवा, "बघू" चालणार नाही. एक पॅड तासाभरात भिजत असेल तर दवाखाना. रडू येणं दोन आठवड्यांपलीकडे टिकलं तर डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. सहाव्या आठवड्यात स्वतःची तपासणी, तेव्हाच तांबीचं विचारा. पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात. लसी ६, १०, १४ आठवड्यांना. पुढची लस सासरी घेणार असाल तर कार्ड बरोबर न्या आणि तिथल्या आशाताईंना आधी फोन करून कळवा.