युवा केंद्रात काम करताय? या चुका टाळा

"ताई, एक सांगते, पण कुणाला सांगायचं नाही हं." युवा केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकायला मिळतं, आणि बहुतेकदा केंद्र बंद करायच्या वेळी, हातात कुलूप असताना. नवा कार्यकर्ता पटकन म्हणतो, "नाही सांगणार, बोल." सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समोरची मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि घरी होणाऱ्या मारहाणीबद्दल सांगते आहे. हे पोटात ठेवून चालणार नाही, बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना कळवावंच लागेल. म्हणजे आता एक तर शब्द मोडा, नाही तर तिला त्याच घरात धोक्यात राहू द्या. कात्रीत सापडलात, तेही स्वतःच्या तोंडाने.

यावर उपाय आहे तो बोलणं सुरू होण्याआधीच. "बरंचसं माझ्यापाशीच राहील. पण तुझ्या किंवा आणखी कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला सांगावं लागेल. कुणाला सांगणार आहे, ते आधी तुला सांगेन." हे ऐकून कुणी गप्प होईल अशी भीती वाटते खरी. काही मुलं होतातही, पण मग चार दिवसांनी परत येतात, कारण आपल्यापुढे काय वाढून ठेवलं आहे हे त्यांना कळलेलं असतं. शब्द आधीच देऊन बसला असाल तर त्याच दिवशी मुलीला गाठा आणि "मी चुकीचं बोलले" असं सरळ कबूल करा.

ऐकताना आणखी एक पथ्य पाळा: तपास करायला बसू नका. "बाबांनीच मारलं ना?" असा प्रश्न विचारून उत्तर तिच्या तोंडात घालू नका. "मग काय झालं?" एवढं पुरतं. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून, लगेच लिहून काढा. तुमचा अंदाज त्यात मिसळू नका. जखमेचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर तर मुळीच काढू नका.

मोबाईलचा विषय निघालाच आहे, तर दुसरी चूक. आपला खासगी नंबर देणं. सुरुवात साधी असते, सहलीची वेळ कळवायला म्हणून. मग रात्री साडेअकराला "झोप येत नाही" असा मेसेज येतो, तुम्ही उत्तर देता, दुसऱ्या दिवशी पुन्हा. यात तुमचा हेतू चांगला असतो, मूलही खरोखर एकटं असतं, पण हे नातं आता केंद्राच्या नजरेबाहेर गेलेलं असतं. केंद्राचा फोन वापरा, त्याची वेळ ठरवा आणि त्या वेळेबाहेर मदत कुठे मिळते ते मुलांना सांगून ठेवा. एखाद्याशी एकांतात बोलायचंच असेल तर खोली अशी निवडा की शब्द बाहेर जाणार नाहीत, पण काचेतून दोघं दिसाल.

"मी फक्त ताईसाठी येते" हे ऐकून छाती फुगते. फुगू द्यावी, माणूस आहोत. पण तुम्ही पंधरा दिवस रजेवर गेलात आणि हजेरी निम्म्यावर आली, तर मुलं केंद्राशी जोडली गेलेलीच नाहीत, तुमच्याशी जोडली गेली आहेत. नातं एकदम तोडू मात्र नका. पुढच्या वेळी गप्पांमध्ये एखाद्या सहकाऱ्याला सोबत बसवा आणि हळूहळू थोडं मागे सरका.

तिसरी चूक उत्साही लोकांची: आठवड्याचा प्रत्येक तास कार्यक्रमांनी भरून टाकणं. युवा केंद्रात मूल आपल्या मर्जीने येतं आणि मर्जीने उठून जातं, शाळेपेक्षा वेगळेपण काय ते यातच. काही न ठरवलेला वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. टेबल टेनिस खेळताना किंवा भिंत रंगवताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, म्हणून अवघड गोष्टी तिथेच बाहेर पडतात. अहवाल तर लिहावेच लागतात, निधी देणारे डोकी मोजतात. ते काम केंद्र उघडण्याआधी उरका, मुलं असताना कार्यालयाचं दार लावून बसू नका.

आता युवा समितीबद्दल, म्हणजे केंद्राच्या निर्णयांत मुलांचं म्हणणं यावं म्हणून नेमलेल्या मुलांच्या समितीबद्दल. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी सहभागाची शिडी मांडली, मुलांना निर्णयात खरा वाटा किती मिळतो ते दाखवणारी. तिच्या ८ पायऱ्यांपैकी खालच्या ३ पायऱ्यांना, म्हणजे मुलांना वापरून घेणं, सजावटीपुरतं उभं करणं आणि नावापुरतं विचारणं यांना, त्यांनी सहभागच मानलं नाही. आपल्याकडच्या बहुतेक समित्या याच तीन पायऱ्यांवर अडकलेल्या असतात, असं माझं मत आहे. भिंतीचा रंग निवडायला मुलं आणि केंद्राची वेळ ठरवायला मोठी माणसं. एखादा छोटा, पण खरा निर्णय त्यांच्या हाती द्या: खेळांच्या साहित्याचे पैसे कशावर खर्च करायचे, शनिवारी केंद्र किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं. जे त्यांच्या हातात नाही तेही आधीच स्पष्ट सांगा.

भांडण झालं की सगळ्यांसमोर "चालता हो" म्हणू नका. बघे असले की माघार घेणं जमत नाही, त्यालाही आणि तुम्हालाही. बाजूला न्या, आवाज खाली ठेवा. बंदी घालावीच लागली तर ती किती दिवसांची ते सांगा, आणि परत येण्याच्या दिवशी बोलायला वेळ काढा.

हजेरी अचानक घटली? येणाऱ्यांना विचारून कारण कळणार नाही. नोंदवही उघडून कोण यायचं थांबलं ते पाहा. मुली? लहान वयाची मुलं? बहुधा एखाद्या मोठ्या टोळक्याने खोली बळकावलेली असते आणि कुणी तक्रार केलेली नसते. संयुक्त राष्ट्रसंघ आकडेवारीसाठी १५ ते २४ वयोगटाला युवा धरतो, केंद्रावर तर तेरा वर्षांचीही येतात. तेरा आणि बावीस वर्षांच्यांना एकाच खोलीत, एकाच वेळी बसवू नका, वेगळ्या वेळा द्या.

आणि रोज शेवटी खुर्च्या आवरायला मागे रेंगाळणारा एखादा मुलगा असतो. "जा तू, मी करते" म्हणून त्याला घालवू नका. चार खुर्च्या त्याच्यासाठी ठेवा, आणि आज कुलूप लावायला थोडा उशीर होईल, थांबशील का, असं सहकाऱ्याला विचारून ठेवा.