मोटरहोमचं पॉवर ऑनिंग आणि वारा: या चुका टाळा

ऑनिंग म्हणजे गाडीच्या बाजूला सावलीसाठी उघडायचं कापडी छत, आणि पॉवर ऑनिंग म्हणजे बटण दाबून मोटरने उघडणारं-मिटणारं. फाटलेलं ऑनिंग घेऊन हताश उभ्या असलेल्या माणसाला मी एकच गोष्ट विचारतो, "उघडं ठेवून कुठे गेला होतात?" उत्तर जवळपास ठरलेलं असतं. इथेच होतो, पाच मिनिटांत येणार होतो. किंवा आतच होतो, जरा डोळा लागला होता. मोटरहोमने फिरायला लागल्यापासून हे इतक्या वेळा ऐकलंय, की नव्या मंडळींसाठी एकदा सगळं लिहून काढावं असं ठरवलं.

आधी रचना समजून घ्या. कापडाची एक कड गाडीच्या भिंतीवरच्या पट्टीत अडकवलेली असते आणि दुसरी कड नळीवर. नळीच्या टोकात १२ व्होल्टची मोटर असते. नळी हवेत धरून ठेवायला दोन बाहू, आणि बहुतेक पॉवर ऑनिंगमध्ये हे बाहू गाडीच्या अंगालाच जोडलेले असतात, जमिनीला टेकत नाहीत. बाहूंमधले गॅस स्ट्रट, म्हणजे दाबलेला वायू भरलेले दांडे, नळीला बाहेर ढकलून कापड ताणून धरतात. छत खाली पडू नये याची सोय यात आहे. खालून वर उचललं जाऊ नये याची जवळजवळ काहीच नाही. आणि वारा नेमका खालून शिरतो.

"एवढ्याशा वाऱ्याने काय होतंय?"

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. १६ फूट लांब आणि ८ फूट बाहेर येणारं ऑनिंग म्हणजे साधारण १२ चौरस मीटर कापड. वारा त्यावर सरळ आदळतो असं धरून हिशोब करा. ताशी १८ किलोमीटरला जोर साधारण १९ किलो वजनाइतका येतो. ३६ ला तो ७५ किलो होतो. ७२ ला ३०० किलो. प्रत्यक्षात वारा तिरका येतो, कापड फुगतं, आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण चढण अशीच राहते. झुळूक आणि झोत यांच्यामध्ये फार अंतर नसतं, म्हणून "आत्तापर्यंत तर काही झालं नाही" हा हिशोब चुकतो.

मी वारा मोजायचं यंत्र बाळगत नाही, झाडांकडे बघतो. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या आसपास. ऑनिंग उघडं, पण मी शेजारीच बसलेला. धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले, छोट्या फांद्या हलायला लागल्या, की २० च्या पुढे गेलो, मी मिटतो. लहान झाडं आख्खी डोलायला लागली म्हणजे ३० च्या घरात. तेव्हा ऑनिंग उघडं दिसलं तर मी अनोळखी माणसाच्या गाडीचंही दार ठोठावतो. काहींना राग येतो. येऊ दे.

वादळी ढगाच्या पुढे एक गार झोत धावत येतो, पावसाच्याही आधी. उकडत असताना अंगाला एकदम गार वारा लागला, की हातातलं काम टाकून बटणाकडे जा. "थेंब पडायला लागले की मिटू" म्हणणाऱ्यांची ऑनिंग याच झोतात जातात.

सेन्सर चालू आणि पट्टेही बांधलेले

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिच्याबद्दल सविस्तर सांगणार आहे, कारण ती करणारा माणूस स्वतःला सावध समजत असतो.

तळ्याकाठची मोकळी जागा होती, दुपारची वेळ. वारा मधूनमधून येत होता, म्हणून मी नळीच्या दोन्ही टोकांवरून पट्टे घेतले आणि जमिनीत खुंट्या ठोकून ताणून बांधले. शिवाय वाऱ्याचा सेन्सर चालू होताच. दुहेरी बंदोबस्त झाला या समाधानात आत जाऊन आडवा झालो.

झोत आला. नळी थरथरली, सेन्सरने ओळखलं आणि नेमून दिलेलं काम केलं: मोटर चालू करून ऑनिंग आत ओढायला घेतलं. पण नळी तर खुंट्यांना बांधलेली. एका बाजूची माती ओली होती, ती खुंटी सुटली. दुसरी पक्की होती, ती सुटली नाही. नळीचं एक टोक आत, एक बाहेर, आणि अशा तिरक्या अवस्थेत पुढचा झोत खालून शिरला. मागचा बाहू पिळला गेला. कापड पट्टीजवळच्या शिवणीतून हातभर उसवलं. सुटलेली खुंटी पट्ट्याच्या टोकाला गोफणीसारखी फिरत होती, तिने गाडीच्या अंगावर दोन खोल खड्डे पाडले. त्या जागी कोणी उभं असतं तर? हा विचार आजही मनातून जात नाही. मी बाहेर येईपर्यंत सगळं उरकलं होतं. उरलेलं कापड गुंडाळून बाहू दोरांनी गाडीला आवळायला आम्हा दोघांना तासभर लागला.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. जमिनीला टेकणारे पाय असलेल्या ऑनिंगला पट्टे योग्य, पण मग सेन्सर बंद. गाडीच्या अंगालाच बाहू असलेल्या पॉवर ऑनिंगला मी पट्टे बांधतच नाही, कारण अशा ऑनिंगची खरी ताकद चटकन मिटण्यात आहे आणि पट्टा नेमकी तीच काढून घेतो. कापड फडफडू नये म्हणून कापड बाहूला पकडणारे चिमटे मिळतात, त्यांचंही तेच. ते लावलेले असताना मोटर सुरू झाली की चिमट्याच्या जागी कापड फाटतं. लावायचेच असतील तर आधी सेन्सर बंद करा.

सेन्सरच्या भरवशावर फिरायला जाणं

सेन्सर बहुतेक वेळा वारा मोजत नाही, नळीची थरथर मोजतो. म्हणजे वारा ऑनिंगला भिडल्यावरच त्याला कळतं. माझं ऑनिंग पूर्ण आत यायला ४० सेकंद लागतात, आणि पहिला झोत तेवढा वेळ थांबत नाही.

आमच्याबरोबर प्रवास करणाऱ्या एका कुटुंबाने सेन्सर चालू करून गाडी बंद केली आणि जाताना सवयीने बॅटरीचा मुख्य स्विचही बंद केला. वीज नाही तर सेन्सर कसला? परतले तेव्हा ऑनिंग गाडीच्या छतावरून पलीकडे पडलं होतं. सेन्सरची संवेदनशीलता सगळ्यात कमी करून ठेवणारेही भेटतात, कारण दार आपटलं की ऑनिंग उगाच मिटतं म्हणून त्रास होतो. त्यापेक्षा गाडीचे जॅक नीट टेकवा, गाडी डुलायची थांबली की हा त्रास बराच कमी होतो. सेन्सर ही मी शेजारी असताना एखादा क्षण नजर चुकली तर उपयोगी पडणारी गोष्ट आहे. झोपताना किंवा गाडी सोडून जाताना ऑनिंग मिटलेलंच हवं, आकाश कितीही निरभ्र असलं तरी.

थोडक्यात बाकीच्या चुका

गाडी कशीही लावणं. पोहोचल्यावर आधी पाच मिनिटं वाऱ्याची दिशा बघा आणि गाडीचा आडोसा ऑनिंगला मिळेल अशी लावा. यामुळे जोर कमी होतो, संपत नाही, कारण गाडीच्या टोकांवरून वारा गिरक्या घेत आत येतोच.

"अर्धंच उघडलंय." कापड निम्मं म्हणजे जोर निम्मा, बस्स. वेग दुप्पट झाला की तुम्ही परत होता त्याच्याही वर.

नळीला जाळीदार पडदे, दिव्यांच्या माळा, ओले कपडे. पडदा म्हणजे आणखी एक शीड. आणि घाईत मिटताना हे सगळं आधी सोडवावं लागतं.

पावसात ऑनिंग सपाट ठेवणं. एक चौरस मीटरवर फक्त १ सेंटीमीटर पाणी साचलं तरी ते १० किलो. एक कोपरा खाली घ्या. ओलं मिटावं लागलं तर खुशाल मिटा, पण वारा थांबल्यावर एक-दोन दिवसांत उघडून वाळवा, नाहीतर बुरशी धरते.

पूर्ण उघडल्यावरही बटण दाबून धरणं. नळी तशीच फिरत राहते, कापड उलट्या बाजूने गुंडाळायला लागतं आणि मग मिटताना गोंधळ होतो.

प्रवासाला निघताना न बघणं. मिटलेल्या ऑनिंगला धावत्या गाडीचा वारा लागतोच, समोरून येणारा वारा त्यात मिळाला की वेग सहज १०० च्या पुढे जातो. नळी आणि भिंत यांच्यात कापड सैल दिसत असेल तर पुन्हा एकदा उघडून घट्ट मिटा. बाहू निसटू नयेत म्हणून माझ्याकडे दोन रुंद पट्टे आहेत, जोराच्या वाऱ्यात गाडी चालवायची असेल तर ते बाहूंना आवळतो. थांबल्यावर उघडण्याआधी ते काढायचे, म्हणून स्विचवर लाल फीत अडकवून ठेवतो.

वाऱ्यानंतर ऑनिंग आत येत नसेल तर

सगळ्यात आधी बटणावरचं बोट काढा. घाबरलेला माणूस बटण दाबतच राहतो, आणि पिळलेला बाहू मोटरने ओढला की जे दुरुस्त होणार होतं तेही मोडतं. दोन्ही बाहू समोरून बघा. सरळ असतील आणि मोटर गप्प असेल तर फ्यूज बघा, मग बॅटरी. व्होल्टेज पडलं असेल तर इंजिन चालू करून बघा. काही गाड्यांत मात्र इंजिन चालू असताना ऑनिंगचा स्विच काम करत नाही, ते आपल्या पुस्तिकेत पाहून ठेवा. सारखं आत-बाहेर केल्याने मोटर गरम होऊन स्वतःच थांबली असेल तर तिला थंड होऊ द्या. एक टोक मागे राहत असेल तर दुसऱ्या माणसाने त्या बाजूचा बाहू हलक्या हाताने आत ढकलायचा, नळीच्या खाली उभं न राहता.

बाहू वाकला असेल, किंवा ऑनिंग गाडीच्या छतावर उलटलं असेल, तर मोटरचा विषय संपला. वारा पडेपर्यंत थांबा. वाऱ्यात छतावर चढू नका, कापड नवीन घेता येतं. मग दोघांनी मिळून उतरवा, हाताने गुंडाळा आणि मधे आणि दोन्ही टोकांना दोराने गाडीला आवळा.

मोटर बंद पडली तर हाताने मिटायची सोय बहुतेक ऑनिंगमध्ये असते. कुठे हँडल लावायचं असतं, कुठे नळीच्या टोकाला ड्रिल. ती सोय कुठे आहे आणि लागणारं हत्यार कोणत्या कप्प्यात आहे, हे वारा सुटल्यावर शोधायचं नसतं. वारा नसलेल्या एखाद्या सकाळी फ्यूज काढून ठेवा आणि आख्खं ऑनिंग एकदा हाताने मिटून बघा. मी दर मोसमाच्या सुरुवातीला बघतो, आणि त्याच वेळी शिवणीवरून बोट फिरवतो, कारण उन्हाने कापडाच्या आधी दोरा कुजतो.