वाघ-अस्वलाची झुंज ब्रॉन्झमध्ये घडवताना

मातीला हात लावण्याआधी दोन्ही प्राण्यांचे पंजे नीट अभ्यासा. वाघ बोटांवर चालतो आणि त्याची नखं एरवी आत असतात, पकड घेतानाच बाहेर येतात. अस्वलाची नखं कायम बाहेर असतात आणि ते अख्खा तळवा टेकतं.

मी डोक्यापासून कधीच सुरुवात करत नाही. उघड्या जबड्यांचा मोह मोठा असतो, पण झुंज खरी वाटते ती अंगाला अंग भिडतं तिथे. पंजा रुतला की खालची कातडी दबायला हवी, शेजारी तिच्या वळ्या उठायला हव्यात. वाघाच्या खांद्याचं हाड छातीच्या पिंजऱ्याला सांध्याने जोडलेलं नसतं, ते स्नायूंनी धरलेलं असतं. म्हणून पुढच्या पायांवर भार आला की ते पाठीच्या वर उचललं जातं. तो उंचवटा दाखवलात तर भार कुणाचा कुणावर, हे बघणाऱ्याला मागून बघतानाही कळतं.

फ्रेंच शिल्पकार आंत्वान-लुई बारी यांचा सुसरीवर तुटून पडलेला वाघ बघा. 1831 मध्ये पॅरिसच्या सालों या कलाप्रदर्शनात तो मांडला गेला. बारी पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत प्राणी रेखाटत आणि मेलेल्यांचं विच्छेदनही करत. त्या अभ्यासामुळेच त्यांच्या वाघात क्रौर्याचा देखावा नाही, नुसती ताकद आहे. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

आता ओतकाम, म्हणजे मातीच्या शिल्पावरून मेणाची प्रत काढून तिच्या जागी ब्रॉन्झ ओतणं. गुंतलेले प्राणी एकसंध ओतण्याचा हट्ट नको. मेणाची प्रत सोयीच्या जागी कापा, भाग वेगळे ओता, मग वेल्ड करा. काप केसाळ भागातून घ्या, म्हणजे सांधा लपतो. पकडीच्या जागेतून मात्र काप घेऊ नका. मेणाची जाडी सगळीकडे सारखी, साधारण 4-5 मिलिमीटर ठेवा. नखं आणि शेपटीच्या टोकाशी हवा अडकते, तिथे हवेच्या वाटा द्या. धातू थंड होताना दीड-दोन टक्के आकसतो, त्यामुळे सुळे मेणात किंचित जाड ठेवा.

घासकाम करताना पकडीच्या जागी पॉलिश नको. रंगासाठी धातू गरम करून आधी गंधकाच्या द्रावणाने काळपट छटा आणा, उंचवटे पुसून उजळा. वाघावर मग फेरिक नायट्रेट या लोहाच्या क्षाराचा तांबूस हात द्या, अस्वल काळंच राहू द्या. वाफा विषारी असतात, तेव्हा मास्क घालूनच, उघड्यावर काम करा. शेवटी धातू कोमट असतानाच मेणाचा पातळ थर लावा.