गेस्ट हाउसच्या ईमेलला स्पॅम फिल्टर लावताना

कळंगुटला गेस्ट हाउस असो वा पाळोळ्याला होमस्टे, बुकिंगचा पत्ता वेबसाइटवर उघडा ठेवला की त्यावर स्पॅम येणारच. फिल्टर लावण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: दहा फालतू मेल डोळ्यांखालून गेले तरी चालेल, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी आलेली एक खरी चौकशी हरवता कामा नये. खाली सांगितलेले सगळे आकडे याच हिशेबाने दिले आहेत.

ही माहिती सीपॅनेल (वेबसाइट आणि मेल सांभाळायचे नियंत्रण-पान) असलेल्या होस्टिंगसाठी आहे. डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड (मेल कोणत्या सर्व्हरवर पोचवायचा ते सांगणारी नोंद) होस्टिंगच्याच सर्व्हरकडे वळवलेला आहे ना, ते आधी पाहा. मेल दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर येत असेल, तर इथला फिल्टर त्याला शिवतसुद्धा नाही.

सीपॅनेलच्या ईमेल विभागात ‘स्पॅम फिल्टर्स’ उघडा आणि पहिले बटण चालू करा. आता स्पॅमअसॅसिन हा स्पॅम ओळखणारा प्रोग्राम प्रत्येक मेलला गुण देऊ लागेल; गुण जास्त, तितका संशय जास्त. किती गुणांपासून मेल स्पॅम ठरवायचा तो आकडा, म्हणजे ‘स्पॅम थ्रेशोल्ड स्कोअर’, मुळात ५ असतो. तो तसाच राहू द्या. इथे बऱ्याच जणांची गफलत होते: आकडा जितका लहान, तितका फिल्टर कडक. १० केला तर बरेचसे स्पॅम आत येते, २ केला तर पाहुण्यांचे मेलही अडकतात.

त्याखालचा ‘स्पॅम बॉक्स’ चालू करा, म्हणजे संशयित मेल वेगळ्या फोल्डरमध्ये पडतील. ‘ऑटो-डिलीट’ मात्र बंदच ठेवा. त्यातून पुसलेला मेल परत मिळत नाही.

पुढचे दोन आठवडे स्पॅम फोल्डर रोज उघडून पाहा. आउटलुक पीओपी३ या मेल उतरवण्याच्या पद्धतीवर जोडलेले असेल तर त्यात हा फोल्डर दिसणारच नाही, कारण पीओपी३ फक्त इनबॉक्स उतरवते. सर्व्हरवरचे सगळे फोल्डर दाखवणारी आयमॅप पद्धत वापरा किंवा थेट वेबमेलमध्ये जा. खरा मेल चुकून तिथे गेलेला सापडला, तर त्याचे मूळ हेडर (मेलसोबत येणारी तांत्रिक माहिती) उघडा. ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ या ओळीत एकूण गुण आणि कोणकोणते नियम लागले त्यांची नावे असतात. ‘एक्स-स्पॅम-स्कोअर’समोरचा आकडा मात्र दहापट लिहिलेला असतो, तिथे ६२ दिसले तर गुण ६.२ समजायचे.

पाहुण्यांचे मेल अडकतात ते उगाच नाही. परदेशी पाहुणा मोफत सेवेवरून दोन ओळी लिहितो, विषय रिकामा सोडतो आणि नोंदणीसाठी मागितलेला पासपोर्टचा फोटो त्यातच चिकटवतो. मजकूर थोडका आणि चित्र मोठे, अशीच ठेवण स्पॅमची असते. असे मेल ५ ते ६ च्या मध्ये अडकताना दिसले, तर थ्रेशोल्ड ६ करा आणि पुन्हा आठवडाभर पाहा. एकदम १० वर उडी मारू नका.

व्हाइटलिस्ट, म्हणजे विश्वासू पत्त्यांची यादी, जपून वापरा. त्यात नाव असलेल्या पत्त्याला १०० गुणांची सूट मिळते, म्हणजे त्या नावाने आलेले काहीही आत येते. ‘प्रेषक’ म्हणून दुसऱ्याचा पत्ता घालणे भामट्यांना अगदी सोपे असते. म्हणून स्वतःचे डोमेन व्हाइटलिस्टमध्ये कधीही टाकू नका. बुकिंग पोर्टलचे सबंध डोमेनही टाकू नका. ‘पाहुण्याने तक्रार केली आहे, लिंक उघडा’ असले फसवे मेल पोर्टलच्याच नावाने येतात. नेहमीच्या ट्रॅव्हल एजंटचा आणि सीएचा नेमका पत्ता घातला की पुरे.

‘ईमेल फिल्टर्स’मध्ये स्वतःचे नियम लिहिताना शब्द तोलून घ्या. एसईओ करून सर्चमध्ये तुमची वेबसाइट वरच्या क्रमांकावर आणून देतो म्हणणाऱ्यांना कंटाळून ‘विषयात एसईओ असेल तर फेकून द्या’ असा नियम लिहावासा वाटतो. पण ‘कंटेन्स’ हा पर्याय शब्दाच्या पोटातली अक्षरेही धरतो, आणि सेऊल शहराचे इंग्रजी स्पेलिंग याच तीन अक्षरांनी सुरू होते. कोरियाहून आलेली चौकशी सरळ कचऱ्यात जाईल! ‘डिस्कार्ड’ऐवजी ‘डिलिव्हर टू फोल्डर’ निवडा आणि नियम जतन केल्यावर लगेच ‘फिल्टर टेस्ट’मध्ये तो तपासून घ्या.

‘डिफॉल्ट अॅड्रेस’ही बघून घ्या. तिथे सगळे मेल एका खात्यात येऊ दिले असतील, तर अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवरचे स्पॅमही तुमच्याच माथी येते. तिथे मेल त्रुटी-संदेशासह नाकारण्याचा पर्याय निवडा. पण आधी छापील कार्डांवर आणि रस्त्यावरच्या बोर्डावर कोणते जुने पत्ते लिहिले आहेत ते पाहा आणि त्यांचे फॉरवर्डर (तिथे आलेला मेल चालू पत्त्यावर पाठवणारी सोय) करून ठेवा.

स्पॅम फोल्डरही खात्याच्याच कोट्यात, म्हणजे ठरवून दिलेल्या जागेत, मोजला जातो. चवथीला चार-पाच दिवस कोणी मेल उघडत नाही, तेवढ्यात लहान कोटा भरला तर खरे मेलही पाठवणाऱ्याकडे परत जातात. म्हणून सुट्टीला निघण्याआधी तो फोल्डर नीट चाळून रिकामा करा.