प्लास्टिकसाठी परवडणारा ऑरगॅनिक पिवळा निवडताय? या चुका टाळा

‘प्लास्टिकसाठी स्वस्तातला एखादा चांगला ऑरगॅनिक पिवळा (म्हणजे कार्बनी रसायनातलं पिवळं पिगमेंट, रंगद्रव्य) सुचवा’ असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मटेरियल कोणतं आणि बॅरलचं (मशीनमधल्या प्लास्टिक वितळवणाऱ्या नळकांड्याचं) तापमान किती? बहुतेकांना हा प्रश्न आवडत नाही. हातात शेडचा तुकडा असतो, डोक्यात किलोचा भाव असतो आणि उत्तर तिथल्या तिथे हवं असतं. पण पिवळ्यात गोम इथेच आहे. निळ्या-हिरव्यात फ्थॅलोसायनिन घराण्यातलं पिगमेंट बऱ्यापैकी सगळीकडे चालून जातं. मऊ पीव्हीसीपासून नायलॉनपर्यंत सगळीकडे चालेल आणि परवडेलही, असं पिवळं पिगमेंट मात्र मी आजवर पाहिलेलं नाही. त्यामुळे त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होतात.

200 अंशांच्या वर डायअरिलाइड वापरणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक हीच. यलो 12, 13, 14, 17 आणि 83 (हे ‘पिगमेंट यलो’चे आंतरराष्ट्रीय नंबर) ही सगळी डायअरिलाइड घराण्यातली पिगमेंट्स. रंगाची ताकद जबरदस्त, भाव आटोक्यात, शेड चकचकीत, म्हणून नवशिक्यांचा हात आधी यांच्याकडेच जातो. ही सगळी डायक्लोरोबेंझिडिनपासून बनतात. प्लास्टिकच्या वितळलेल्या मालात तापमान 200 अंश सेल्सियसच्या वर गेलं की हे पिगमेंट तुटायला लागतं आणि त्यातून डायक्लोरोबेंझिडिनही सुटू शकतं, हे 1990 च्या सुमारासच समोर आलं. हा पदार्थ कॅन्सरकारक गटात धरला जातो. म्हणून 200 च्या वरच्या कामाला डायअरिलाइड वापरायचा नाही, असा नियम जबाबदार उत्पादक स्वतःच पाळतात.

अडचण अशी की डोळ्यांना काहीच कळत नाही. यलो 83 पॉलिप्रॉपिलीनमध्ये 230-240 अंशांवर चालवला तरी शेड जागच्या जागी राहू शकते. जुन्या तक्त्यांमध्ये तर त्याची उष्णता सोसण्याची मर्यादा 200 च्या बरीच वर दिलेली सापडते, कारण ते आकडे फक्त रंग किती बदलला यावर काढलेले होते.

एका मोल्डरकडे हेच घडलं. डब्यांची झाकणं, पॉलिप्रॉपिलीन, केशरीकडे झुकणारा गडद पिवळा. मास्टरबॅचमध्ये (पिगमेंट भरपूर भरलेल्या रंगीत दाण्यांत) 83 होता. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘शेड एक टक्काही हलत नाही, मग त्रास कसला?’ आणि खरंच हलत नव्हती. सकाळची आणि रात्रपाळीची झाकणं शेजारी शेजारी ठेवली तर फरक सांगता येत नव्हता. पुढे मोठ्या खरेदीदाराने अरोमॅटिक अमाइनचा (डायक्लोरोबेंझिडिन याच गटातलं) रिपोर्ट मागितला आणि माल तिथेच अडकला. तयार झाकणं गेली ती गेलीच. त्याहून वाईट म्हणजे त्या झाकणांचे रनर (साच्याच्या वाटेत घट्ट झालेलं प्लास्टिक) आणि रिजेक्ट दळून तो रिग्राइंड हिरव्या आणि तपकिरी मालात मिसळला जात होता. कोणत्या पोत्यात किती गेला याची नोंद नव्हती, त्यामुळे त्या मालाचीही खात्री देता येईना. किलोमागे वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट एका फटक्यात गेले.

या शेडसाठी मी यलो 191 कडे जातो. तो कॅल्शियमचा लेक (धातूच्या क्षारात बांधलेला रंग) आहे, 83 सारखाच लालसर, डायक्लोरोबेंझिडिनशी त्याचा संबंध नाही आणि पॉलिइथिलीनमध्ये 300 अंशांच्या आसपास टिकतो. 183 ही त्याच पठडीतला. 250 च्या आतलं काम असेल आणि लालसरपणा फार नको असेल तर 62 परवडतो. तिन्हींची ताकद 83 पेक्षा कमी आहे, डोस वाढवावा लागतो, आणि तक्रार इथूनच सुरू होते. ती तक्रार मी ऐकून घेतो, पण 83 परत हातात देत नाही. मऊ पीव्हीसीसारख्या 200 च्या बरंच खाली होणाऱ्या कामात डायअरिलाइड वापरायला माझी हरकत नाही. तिथे तो खरोखर किफायतशीर आहे.

किलोच्या भावावर स्वस्त-महाग ठरवणं

पिगमेंट किलोने विकत घेतात, पण ग्राहक रंगवलेला माल घेतो. म्हणून हिशोब 100 किलो प्लास्टिक रंगवायला किती खर्च आला, याचा करायचा. समजा ‘अ’ पिगमेंटचा भाव किलोला 100 एकक आणि ‘ब’ चा 160. तीच शेड आणायला ‘अ’ अर्धा टक्का लागतं आणि ‘ब’ पाव टक्का. 100 किलोला ‘अ’ चे 500 ग्रॅम म्हणजे 50 एकक, ‘ब’ चे 250 ग्रॅम म्हणजे 40. महागडं वाटणारं ‘ब’ स्वस्त पडलं. हे दोन ओळींचं गणित आहे. तरीही भावाच्या यादीतलं सगळ्यात खालचं नाव उचलून ऑर्डर देणारे मला सतत भेटतात.

गणित करताना दोन्ही चिप्स (रंगाचे नमुना तुकडे) एकाच मटेरियलमध्ये, एकाच जाडीच्या आणि तितकंच टायटॅनियम (टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरं पिगमेंट) घातलेल्या हव्यात. पुरवठादाराच्या पत्रकावरच्या चिपची आपल्या चिपशी तुलना करण्यात अर्थ नाही.

आरपार दिसू नये म्हणून पिवळा ओतत राहणं

क्रोम यलोवरून ऑरगॅनिककडे आलेले लोक इथे हमखास अडकतात. क्रोम यलोला झाकण्याची ताकद स्वतःची असते, तो मागचं काही दिसू देत नाही. बहुतेक ऑरगॅनिक पिवळे बारीक कणांचे आणि पारदर्शक. पातळ भिंतीच्या मालात आरपार दिसायला लागलं की डोस दुप्पट करतात, खर्च वाढतो आणि आरपार दिसणं काही थांबत नाही. ते काम टायटॅनियमचं आहे. टायटॅनियमने शेड फिकी होत असेल तर मी थोडा निकेल टायटॅनेट, म्हणजे यलो 53, घालतो. त्याची रंगाची ताकद नगण्य, पण मागचं झाकतो आणि ऊन-उष्णता दोन्ही सोसतो. वरचा जोर ऑरगॅनिकने द्यायचा.

आणि ‘मग क्रोम यलोच बरा’ हा युक्तिवाद माझ्यापुढे कोणी करू नये. त्यात शिसं आहे, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आहे. युरोपीय संघात 21 मे 2015 नंतर खास परवानगीशिवाय तो वापरता येत नाही. खेळणी आणि खाद्यपदार्थांच्या डब्यांत तर त्याचा विचारही नको.

रंग सुटतो की नाही हे न पाहणं

यलो 1, 3, 74 हे हान्सा पिवळे पेंट आणि शाईत छान काम करतात. त्यांचा रेणू लहान असतो, त्यामुळे मऊ पीव्हीसीत आणि पॉलिइथिलीनमध्ये ते विरघळतात आणि पृष्ठभागावर येतात. पुसलं की जातं, काही दिवसांनी पुन्हा येतं. ‘वरवर राहिलेली पावडर असेल’ असं म्हणून माल पुसून पाठवणारे पाहिलेत. ती पावडर राहिलेली नसते, आतून येत असते.

डायअरिलाइडच्या बाबतीत मऊ पीव्हीसीत एक उलटी गंमत आहे: डोस फार कमी असला तर फुलोरा (पृष्ठभागावर येणारी पावडर) जास्त येतो. थोडंसं पिगमेंट गरम प्लास्टिसाइझरमध्ये (पीव्हीसी मऊ करणाऱ्या द्रवात) पूर्ण विरघळतं आणि थंड झाल्यावर वर येऊन स्फटिक धरतं. म्हणजे फिकट क्रीम शेडला 14 वापरून पैसे वाचवायला जाऊ नका.

माझी सवय अशी: रंगीत चिपला पांढऱ्या मऊ पीव्हीसीची पट्टी चिकटवायची, वर वजन ठेवायचं आणि 80 अंशांच्या ओव्हनमध्ये दिवसभर ठेवायचं. पांढऱ्या पट्टीवर पिवळी छटा उतरली की ते पिगमेंट त्या कामातून बाद. एक दिवस थांबायला लोकांना जिवावर येतं. पण ग्राहकाच्या पांढऱ्या सोफ्यावर डाग पडल्यावर होणारी पळापळ यापेक्षा खूप लांबते.

शाईचा ग्रेड प्लास्टिकला लावणं

नंबर तोच, भाव कमी, म्हणून घेतला. नंबर फक्त रसायन सांगतो. कणांचा आकार आणि कणांवर केलेली प्रक्रिया सांगत नाही. शाईच्या ग्रेडवर बऱ्याचदा रोझिन (राळ) चढवलेलं असतं. ते उष्णतेत मऊ होतं, कण गोळा होतात, आणि फिल्ममध्ये ठिपके दिसायला लागतात. ठिपके दिसले की नवशिका डोस वाढवतो. न फुटलेला गोळा रंग देत नाही, तेव्हा वाढवलेला डोस म्हणजे जास्त गोळे. आधी पिगमेंट आणि पॉलिइथिलीन वॅक्स एकत्र नीट मिसळा, मगच प्लास्टिकच्या दाण्यांकडे वळा. पाच मिनिटं वाचवायला सगळं एकदम हॉपरमध्ये टाकू नका.

बाकीच्या, थोडक्यात

प्रकाशाचा आकडा गडद शेडचा पाहून फिकट शेडला वापरू नका. टायटॅनियम जितकं जास्त, तितका ऑरगॅनिक पिवळा लवकर उडतो. 1 ते 8 च्या ब्लू वूल मापावरचा फिकट शेडचा आकडा वेगळा मागून घ्या.

सॉल्व्हंट यलो, म्हणजे प्लास्टिकमध्ये विरघळणारा रंग, पॉलिस्टायरीन आणि पॉलिकार्बोनेटसाठी. पॉलिइथिलीन-पॉलिप्रॉपिलीनमध्ये तो बाहेर येतोच.

नायलॉनला स्वस्त ॲझो पिवळा (डायअरिलाइड, हान्सा यांसारखा) नको. वितळलेलं नायलॉन रंग मारून टाकतं.

यलो 110 उन्हात उत्तम, पण एचडीपीईच्या (जास्त घनतेच्या पॉलिइथिलीनच्या) मोठ्या सपाट मालात वाक आणू शकतो. आधी पूर्ण आकाराचा नग काढून पाहा.

उष्णतेच्या चाचणीत माल सहसा पाच मिनिटं तापमानात ठेवतात. तुमचं मशीन मोठं आणि शॉट (एका वेळी साच्यात जाणारा माल) छोटा असेल तर माल बॅरलमध्ये त्याहून जास्त वेळ शिजतो. रिग्राइंड तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा शिजतो. पत्रकातल्या आकड्यापेक्षा 20 अंश खाली राहायचं, ही माझी पद्धत.

आणि नवा लॉट आला की आधीच्या मंजूर लॉटसोबत एकाच वेळी, एकाच मशीनवर चिप काढा. महिन्यापूर्वीच्या चिपशी तुलना करून लॉट पास करू नका. दोन्ही चिप्स खिडकीच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली अशा दोन्हीकडे पाहा, मागे लॉट नंबर आणि तापमान लिहा आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा.